माकडाचा सातबारा आणि हौदावरची काई

गेल्या ऑक्टोबरात शाळेत वन्यजीव सप्ताह झाला. 1 ते 7 ऑक्टोबर, दर वर्षी असतो. विज्ञानाच्या मॅडम रजेवर होत्या, म्हणून पोस्टर स्पर्धा माझ्या गळ्यात पडली. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते, कमी पडेल तिथे उर्दूही. प्राण्यांशी माझा संबंध धड्यांपुरता.

पोस्टरं भरपूर आली. निम्मे वाघ. दोन शेकरू, एक मोर, एक डायनासोर (त्याला वाचवायला जरा उशीर झाला होता). एक माकड मात्र फार देखणं, पिल्लाला पोटाशी धरून बसलेलं, डोळे थेट बघणाऱ्याकडे. आणि एक कागद नुसता हिरवा. काळपट भिंत, तिच्यावर हिरवे ठिपके, खाली उर्दूत ‘काई बचाओ’ आणि मराठीत ‘शेवाळ वाचवा’.

वर्ग हसला. मीही हसले, आणि हा लेख त्या हसण्यामुळेच लिहिते आहे. पहिला नंबर माकडाला दिला. हिरव्या कागदाची मुलगी नववीतली, फारसं न बोलणारी. वर्ग सुटल्यावर टेबलाशी येऊन उभी राहिली.

“मॅडम, काई मरती नै क्या?”

“बेटा, काई तो हर बरसात में आती है.”

“बंदर बी तो रोज आते,” ती म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.

तिला उत्तर न देण्याचं एक कारण माझ्या घरात होतं. त्याच्या दोन महिने आधी, ऑगस्टात, अम्मी फजरच्या वुजूसाठी अंगणातल्या हौदाशी गेल्या आणि काईवरून पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला नेऊन ऑपरेशन केलं, आत सळई बसवली, आणि सत्तरी ओलांडलेली बाई वॉकर धरून पुन्हा चालायला शिकली. परत आल्या दिवशी मी नारळाचा खराटा, ब्लीचिंग पावडर आणि पत्र्याचं उलथनं घेऊन हौदाभोवतीची फरशी खरवडून काढली. कधी कुठल्या सजीवाचा एवढा राग आला नसेल. तेव्हा काईला मी सजीव धरतच नव्हते. ती घाण होती.

आणि माकडं? माकडांनी आमच्या घराचं काय कमी नुकसान केलंय? स्वयंपाकघरावरचे दोन पत्रे त्यांनी उड्या मारून वाकवले. डाळिंबाचं झाड फळ धरतं ते त्यांच्यासाठीच. शिवारात सोयाबीनच्या शेंगा ओरबाडतात म्हणून शेतकरी सुतळी बॉम्ब लावतात, आणि तेरखेड्यात सुतळी बॉम्बला काय तोटा! आमचं गाव फटाक्यांचं. दिवाळीच्या आधी हायवेच्या कडेने दुकानं लागतात, लांबून लोक गाड्या भरून नेतात. पण अम्मी त्याच माकडांना शिळ्या भाकरीचा तुकडा टाकतात. “पानी पीने दे उनकू,” म्हणून हौदावरची झाकणाची फळी बाजूला सारतात. त्यांच्या लहानपणी मदारी यायचा, माकडिणीला सासरी जायला लावायचा. 1998 मध्ये सरकारने माकडांच्या खेळांवर बंदी घातली आणि ते बंद झालं. अम्मींच्या दादी सांगायच्या, ही पूर्वी माणसंच होती, अल्लाहचा हुकूम मोडला म्हणून अशी झाली, यांना हसू नये. मी मोठी झाल्यावर अम्मींना सांगितलं की सहीह मुस्लिममधल्या हदीसनुसार रूप बदललेल्यांची वंशवेल पुढे चालली नाही, ही माकडं त्यांची कुणी नव्हेत. अम्मी म्हणाल्या, बरं, पण हसायचं नाहीच.

पत्रा वाकवणाऱ्याला भाकरी, पाय घसरवणाऱ्याला ब्लीचिंग. मुलीच्या प्रश्नानंतर माझ्याच घरातला हा न्याय मला खटकायला लागला.

माझी सवय शब्दापासून सुरुवात करण्याची. माकडासाठी मराठीत माकड, वानर, मर्कट, हुप्प्या. उर्दूत बंदर, लंगूर, मैमून, बूज़ना. तांबड्या तोंडाचं वेगळं, काळ्या तोंडाचं वेगळं, टोळीचा म्होरक्या वेगळा. आता दुसरी बाजू बघा. विहिरीच्या पाण्यावर तरंगतं ते शेवाळ, आणि भिंतीवर मखमलीसारखं बसतं तेही शेवाळ. उर्दूत दोन्ही काई. वास्तविक पाण्यातलं शेवाळ हा एक वनस्पतीगट आणि भिंतीवरचं मॉस हा दुसराच. नववीच्या विज्ञानात मॉस ब्रायोफायटा गटात येतं आणि या गटाला वनस्पतींमधले उभयचर म्हटलं जातं, कारण राहतात जमिनीवर, पण पुनरुत्पादनासाठी पाणी लागतं. पुस्तकाने मॉस हा इंग्रजी शब्द तसाच उचलला, दुसरं करणार काय? गंमत अशी की तिथेच दगडावर वाढणाऱ्या तिसऱ्या एकाला आपण स्वतंत्र नाव दिलंय. दगडफूल. ते मॉस नव्हे, पण आपल्या काळ्या मसाल्यात पडतं, अम्मींच्या पोटली मसाल्यात ‘पत्थर का फूल’ म्हणून पडतं. जे पोटात जातं किंवा पत्रा वाकवतं त्याला नाव मिळतं. बाकीच्यांना एका ढोबळ शब्दात कोंबलं की भागतं. एका शब्दात कोंबलं जाणं म्हणजे काय, हे या ब्लॉगच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

माकडाला नुसतं नाव नाही, आमच्या जिल्ह्यात त्याला जमीनही आहे. धाराशिव तालुक्यातलं उपळा हे गाव. लोक त्याला ‘उपळा माकडाचे’ म्हणतात. ऑक्टोबर 2022 मध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली की या गावात 32 एकर जमीन कागदोपत्री माकडांच्या नावे आहे. नोंद कुणी आणि कधी केली ते गावात कुणाला सांगता आलं नाही. पूर्वी गावात लग्न असलं की आधी माकडांना मान, मग वऱ्हाडाला. दारात आलेल्या माकडाला कुणी हाकलत नाही. त्या जमिनीवर एक घर होतं तेही पडलं, वनखात्याने झाडं लावली. आमच्याकडे बांधावरून भाऊ भावाचं डोकं फोडतो, वारसनोंदीसाठी तलाठ्याच्या दारात चपला झिजतात, आणि माकडांचं नाव कागदावर शाबूत. मला ही बातमी तेव्हाही आवडली होती, आजही आवडते. पण त्याच बातमीत होतं की गावात आता शंभराच्या आसपासच माकडं उरलीत, पूर्वी पुष्कळ होती. नावावर 32 एकर आहेत आणि मालक कमी होताहेत.

यावरून मी माकडांबद्दल वाचायला लागले, तर आपण ज्याला ‘रोजचं’ म्हणतो तेच धोक्यात निघालं. दक्षिण भारतातलं टोपी माकड, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस चहूकडे पसरलेले, शेपूट लांब. हे फक्त आपल्या दक्षिण द्वीपकल्पात सापडतं, जगात दुसरीकडे कुठेच नाही. इतकं नेहमीचं की अनेक वर्षं आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याच्यापुढे ‘काळजीचं कारण नाही’ असा शेरा होता. आता ते ‘असुरक्षित’ वर्गात आहे. 2011 मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवून दिलं की उत्तरेचं आखूड शेपटीचं ऱ्हीसस माकड दक्षिणेकडे सरकतंय आणि टोपी माकडाची जागा घेतंय. पूर्वी दोघांमधली हद्द ढोबळमानाने तापी आणि गोदावरी मानत. गोदावरी आमच्या उत्तरेला वाहते, म्हणजे ही सरकासरकी आपल्याच मुलखातली आहे. दुसरा अभ्यास म्हैसूरकडचा, 2017 मध्ये छापलेला. पंचवीस वर्षांत तिथली टोपी माकडं निम्म्याहून जास्त घटली. शिकाऱ्यांनी मारली नाहीत. रस्त्याकडेचे जुने वड-पिंपळ रुंदीकरणात गेले आणि त्यांचं घरही गेलं, ताटही.

हे वाचताना पुस्तक मिटून मी थोडा वेळ बसले. आमच्या गावावरून सोलापूर–धुळे महामार्ग जातो. चौपदरी होण्याआधी येडशीपर्यंत दोन्ही बाजूंना सावली असायची. डी.एड.ला असताना एसटीच्या खिडकीतून मी ती झाडं मोजायचे आणि प्रत्येक वेळी आकडा चुकायचा. आता मोजायला काही नाही. रस्ता मात्र झकास झालाय, अम्मींना सोलापूरला नेताना त्याच रस्त्याला दुवा दिली, हेही खरं.

पण माकडाचं एक बरं आहे, त्याच्याकडे लक्ष जातं. बीड जिल्ह्यातल्या लवूळमध्ये डिसेंबर 2021 मध्ये दोन वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेत होती, तेव्हा बातमी साता समुद्रापार गेली. मेलेल्या पिल्लांचा आकडा फुगत फुगत अडीचशेपर्यंत पोचला आणि नागपूरहून वनखात्याची तुकडी येऊन वानरं धरून घेऊन गेली. कायद्यातही माकड असतं. 2022 च्या दुरुस्तीत ऱ्हीसस यादीतून काढलं म्हणून वाद झाला, म्हणजे काढल्याचं निदान कुणाच्या तरी ध्यानात आलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींना वेगळं परिशिष्ट मिळालं तेच मुळी 1991 मध्ये, आणि त्यात नावं होती सहा. मॉस एकही नव्हतं.

जगात माकडं, वानर, लेमूर, लोरिस वगैरे धरून प्रायमेट्सच्या पाचशेच्या आसपास जाती. त्यातल्या साठ टक्के धोक्यात आहेत असं 2017 मधल्या एका मोठ्या अभ्यासात आलं. मॉसच्या जाती सुमारे बारा हजार. त्यांतल्या किती धोक्यात, हे विचारायला आधी प्रत्येकीच्या दारात कुणी जायला हवं. युरोपने आपल्या मॉसची आणि त्याच्या भाऊबंदांची शिरगणती 2019 मध्ये मांडली, तर शंभरातल्या बावीस जाती धोक्यात निघाल्या. इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात एक मॉस आहे, थॅम्नोब्रियम अँगस्टिफोलियम. चुनखडीच्या दरीत, ओढ्याच्या पाण्याने ओल्या राहणाऱ्या खडकावर, काही चौरस मीटर जागेत. पृथ्वीवर तेवढंच. आमच्या हौदाभोवतीची जी फरशी मी एका दुपारी खरवडली ती त्याहून लहान नसेल. एका बाईचा खराटा, एक पावडरीची पिशवी आणि एक अख्खी जात संपली, एवढा सोपा हिशोब. माकडाची जात संपवायला निदान रस्ते बांधावे लागतात.

दुसरं नाव ताकाकिया. जपानी अभ्यासक ताकाकी यांच्यावरून पडलेलं. हिमालयात, तिबेटच्या पठारावर, अगदी उंचावर राहतं, बर्फाखाली महिनोन्‌महिने दबून. सुमारे 39 कोटी वर्षांचा त्याचा वंश. हिमालय त्याच्या पायाखाली नंतर उभा राहिला. शास्त्रज्ञ दहाएक वर्षं त्या पठारावर जात राहिले आणि 2023 मध्ये त्यांनी लिहिलं की तापमान वाढतंय तसं ताकाकिया दर वर्षी दीड टक्क्याच्या आसपास घटतंय. डायनासोर आले आणि गेले तेव्हा जे टिकलं, ते आपल्या गाड्यांच्या धुरापुढे टिकेना.

मला या दोघांची तुलना कुणाचं मोल जास्त हे ठरवायला करायची नव्हती, आणि एका मर्यादेपलीकडे ती करताही येत नाही. माकडीण मेलेलं पिल्लू दिवसच्या दिवस छातीशी घेऊन फिरते. काईला वेदना होत नाहीत, पिल्लू नसतं, डोळे नसतात. बुडत्या नावेत दोघांपैकी एकच घ्यायचं झालं तर मी माकड घेईन आणि त्याबद्दल मला शरम नाही. पण जातीचं जाणं म्हणजे एका जिवाचं मरण नव्हे. टोपी माकड गेलं तर वडाखाली कुणीतरी कमी झाल्याचं आपल्याला कळेल. त्या ओढ्याकाठचं मॉस गेलं तर खडक तसाच दिसेल, फक्त जरा स्वच्छ. आणि ‘स्वच्छ झालं’ म्हणून आपल्याला बरंही वाटेल. मला भीती या बरं वाटण्याची आहे.

उर्दू शिकवणाऱ्यांना ‘इख्वानुस्सफा’ माहीत असतं. दहाव्या शतकात बसऱ्याच्या विद्वानांनी अरबीत लिहिलेल्या रिसाल्यांपैकी एक. मौलवी इकराम अलींनी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी 1810 मध्ये तो उर्दूत आणला. जिन्नांच्या बादशहापुढे जनावरं माणसावर फिर्याद दाखल करतात. ओझ्याची जनावरं, शिकारी जनावरं, पक्षी, कीटक, जलचर, सगळ्यांचे वकील येतात, एकाहून एक सरस बोलतात. बी.एड.च्या वर्षी मी तो पहिल्यांदा वाचला आणि माणसाच्या बाजूने निकाल लागला म्हणून चिडले होते. यंदा पुन्हा काढला तो वेगळ्याच कारणाने. गवताचा वकील कुठे आहे? झाडाचा? काईचा? दरबारात तिचं कुणी नाही. अन्याय मोजायला बसलेल्या एवढ्या उदार ग्रंथातही जो बोलू शकतो त्याचीच फिर्याद लागते.

कुराणात मात्र मला एक जागा सापडली. सूरह अनआमच्या 38 व्या आयतीत जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे सगळे जीव तुमच्यासारख्याच उम्मती आहेत असा आशय आहे. तिथे माकड आलं, काई नाही. पण त्याच सूरहच्या 59 व्या आयतीत झाडावरून गळणारं पानही त्याच्या ज्ञानाबाहेर नाही, असं येतं. मी आनंदाने थांबले आणि मग लक्षात आलं की मॉसचं पान गळत नाही. ते जागच्या जागी वाळतं. पण त्याच आयतीत पुढे ओल्या आणि सुक्याचाही उल्लेख आहे, आणि काईचं सारं आयुष्य तर या दोन शब्दांतच मावतं.

हे ‘ओलं आणि सुकं’ मी वर्गात करून दाखवलं, एप्रिलमध्ये. हौदाच्या मागच्या भिंतीवर, जिथे माझा खराटा पोचला नव्हता, तिथे काळी खपली धरली होती. ती नखाएवढी काढून बशीत घेऊन गेले. एका कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या सरांना फोटो पाठवला होता. ते म्हणाले, हे बहुधा हायोफिला, आपल्याकडे भिंतीभिंतीवर असतं, याला काही धोका नाही. त्या मुलीला मी हे खरं खरं सांगितलं. तुझ्या पोस्टरवरची काई धोक्यात नाही, तिची दूरची बहीण आहे. ती म्हणाली, “ठीक है, बहन तो है.”

मग बशीत चमचाभर पाणी टाकलं. वर्गात पंखा बंद, बाहेर बेचाळीस अंश. मुलांना वाटलं काही होणार नाही. आवळून बसलेली पानं एकेक करत उलगडली, काळ्याचं तपकिरी, तपकिरीचं हिरवं. पाच मिनिटंही लागली नसतील. मॉसला मूळ नसतं, ओलावा शोषून साठवायची सोय नसते. पान बहुतेक ठिकाणी एका पेशीच्या जाडीचं, पाणी मिळेल तेव्हा अंगभर प्यायचं आणि नसेल तेव्हा अंग आवळून गप्प बसायचं. अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर बर्फाखाली दीड हजार वर्षं दबलेलं मॉस 2014 मध्ये प्रयोगशाळेत पुन्हा फुटलं. हे सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, “मॅडम, वो रोज़े से था क्या?” वर्ग पुन्हा हसला. या वेळचं हसणं मला चाललं. आमच्या गावातल्या मुलांना कोरडेपण कळतं. ज्यांच्या घरातली माणसं दारूकामाला जातात त्यांना ओल म्हणजे नुकसान हेच शिकवलेलं असतं, आणि उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उलटं.

पावसाळ्यात सहल येडशीच्या रामलिंगला गेली. ते अभयारण्य 1997 मध्ये झालं, सुमारे 22 चौरस किलोमीटरचं, पण आमच्या मुलांना ते मंदिर, धबधबा आणि माकडं यासाठीच ठाऊक. उतरताच डबे गेले. एका माकडाने एका शिक्षकांची पिशवी फाडून फरसाण पसरलं आणि चाळीस मोबाईल त्याच्याकडे वळले. खाली ओढ्याच्या कडेचा खडक इतका हिरवा होता की त्याच्यावर हात ठेवला तर हात बुडेल असं वाटावं. मुलं त्याच्यावर पाय देऊन वर माकडाचे फोटो काढत होती. मी ओरडले, “पाय जपून!” नववीची ती मुलगी, आता दहावीत गेलेली, वळून म्हणाली, “किसके लिए जपून, मॅडम?” मी तिला म्हटलं, दोघांसाठी.

घरी तडजोड झाली आहे. हौदापुढची फरशी मी दर शुक्रवारी घासते, तिथे काईची दयामाया नाही. अम्मींच्या खुब्यात सळई आहे आणि ती पुन्हा बसवता येणार नाही. वुजूसाठी प्लॅस्टिकचा स्टूल आणि भिंतीला लोखंडी दांडी लावली. मागची भिंत सोडून दिली, तिथे कुणी पाय देत नाही. अम्मींना आधी पटलं नाही. घरात घाण ठेवायची म्हणजे काय! मग मी त्यांना बशीचा प्रयोग दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बघितलं, “सुब्हानअल्लाह” म्हणाल्या, आणि लगेच, “लेकिन सामने नक्को.”

परवा दुपारी टोळी आली. पत्र्यावर धडाधडा उड्या, अम्मींची भाकरी, मग हौदावर पाणी. एक तरुण माकड मागच्या भिंतीशी गेलं, हिरव्या मखमलीत बोटं घालून एक तुकडा उपटला, हुंगला, तोंडात घालून थुंकला आणि हात डाळिंबाच्या बुंध्याला पुसले. तुकडा बुंध्याशी ओल्या मातीत पडला आहे. अम्मींनी विचारलं उचलू का, मी म्हटलं राहू द्या.